बोलणं किती कळतं? नागपूर-विदर्भातल्या रुग्णांसाठी सुबोधता चाचणीच्या याद्या तयार करताना

लकव्यानंतर जीभ जड झालेले गृहस्थ, खर्ऱ्यापायी (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी) जिभेचा भाग काढावा लागलेला तरुण, टाळू दुभंगलेलं मूल, पार्किन्सनमुळे आवाज खोल गेलेल्या आजी. या सगळ्यांच्या घरचे शेवटी एकच विचारतात: यांचं बोलणं परक्या माणसाला कळेल का? याचं उत्तर आकड्यात द्यायचं असेल तर रुग्णाकडून काहीतरी बोलवून घ्यावं लागतं, कुणालातरी ते ऐकवावं लागतं आणि किती कळलं ते मोजावं लागतं. म्हणजे जो आकडा येतो तो एकट्या रुग्णाचा नसतो. बोलणारा, ऐकणारा आणि बोलायला दिलेला मजकूर अशा तिघांचा मिळून तो होतो. यातले श्रोता आणि मजकूर आपण घट्ट बांधून ठेवले, तरच आकड्यातला बदल रुग्णातला बदल मानता येतो. या लेखात मुख्यतः मजकुराबद्दल आणि त्याला लागून श्रोत्यांबद्दल लिहिलं आहे.

इंग्रजी चाचण्या भाषांतरित करून काम भागत नाही, कारण त्यांतले शब्द त्या भाषेतल्या ध्वनींच्या फरकांवर निवडलेले असतात. मराठीत त-थ-ट-ठ हे चार वेगळे ध्वनी आहेत आणि जिभेच्या आजारात नेमके हेच एकमेकांत मिसळतात. पुण्या-मुंबईकडची तयार मराठी यादीही इथे जशीच्या तशी वापरू नये. ते का, हे पुढे येईलच.

आधी कशासाठी मोजायचं ते ठरवा

उद्देश तीन असू शकतात आणि त्यांसाठी याद्याही तीन प्रकारच्या लागतात.

कोणता ध्वनी बिघडला हे शोधायचं असेल, म्हणजे उपचार कुठून सुरू करायचा हे ठरवायचं असेल, तर सुटे शब्द आणि ठरावीक पर्यायांतून निवड ही पद्धत घ्या. रोजच्या व्यवहारात माणूस किती कळतो हे हवं असेल तर वाक्यं घ्या आणि श्रोत्याला ऐकलेलं लिहू द्या. उपचारापूर्वी आणि नंतरचा फरक मोजायचा असेल तर एकमेकांच्या तोडीच्या निदान दोन याद्या लागतील, शक्यतो चार. एकच यादी पुन्हा वापरली तर रुग्णाला ती पाठ झालेली असते आणि श्रोत्यालाही.

अफेजियाच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषाच बिघडलेल्या, रुग्णाबाबत एक गोष्ट सांभाळा. 'वाटी'ऐवजी तो स्वच्छ 'ताट' म्हणाला, तर ती भाषेची चूक आहे, उच्चाराची नाही. असा शब्द सुबोधतेच्या मोजणीतून वगळायचा आणि वेगळा नोंदवायचा. हे न केल्यामुळे चांगले उच्चार असलेल्या माणसाच्या कागदावर चाळीस टक्के लिहिले जातात आणि पुढचा सगळा उपचार चुकीच्या वाटेला लागतो.

बोलीचा पदर

इथल्या यादीत सर्वात जास्त गडबड इथेच होते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

नागपूर आणि आसपासच्या बोलण्यात 'पाणी'चं 'पानी' होतं, 'कोण'चं 'कोन'. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया'. बऱ्याच जणांच्या बोलण्यात श आणि स यांत फरक राहत नाही. 'त्रास'चा 'तरास' होतो, म्हणजे जोडाक्षर फोडून मध्ये स्वर येतो. यातली एकही गोष्ट विकार नाही. ण-न, ळ-ल किंवा श-स या फरकांवर गुण ठेवलेली यादी काटोल किंवा उमरेडच्या ठणठणीत माणसालाही दोषी ठरवेल.

मग हे ध्वनी वगळायचे का? जीभ मागे वळवण्याची ताकद तपासायची तर ट, ड, ढ पुरेसे आहेत, ळची गरज नाही. जिभेच्या शस्त्रक्रियेनंतर ळ मुद्दाम पाहायचा असेल तर पाच-सहा शब्दांची वेगळी पट्टी ठेवा. रुग्ण आजाराआधी ळ म्हणत होता का, हे घरच्यांना विचारून मगच ती वापरा. भाऊ-बहिणीला तोच शब्द म्हणायला लावलं की उत्तर लगेच मिळतं.

शब्दसंग्रहाचंही तसंच. चित्र दाखवून नाव विचारायची पद्धत लहान मुलांसाठी चांगली, पण बटाट्याचं चित्र पाहून इथलं मूल 'आलू' म्हणेल, कोथिंबिरीचं पाहून 'सांबार', पेरूचं पाहून 'जाम'. यादीत पेरू हा प-ने सुरू होणारा शब्द म्हणून ठेवला असेल, तर तुम्हाला प ऐकायलाच मिळणार नाही. म्हणून प्रत्येक चित्र आधी वीसेक निरोगी मुलांना दाखवा आणि त्यातल्या अठरा जणांनी तोच शब्द म्हटला तरच ठेवा. पोपट, पंखा, पाय, पान ही चित्रं सहसा सगळीकडे एकच नाव मिळवतात.

वाक्यांत विभक्तीचा फरक येतो. रुग्ण 'मला' वाचताना 'मले' म्हणेल, 'जातो आहे'चं 'जाऊन राहिला' करेल. वाक्यं बांधतानाच अशी रूपं टाळलेली बरी. टाळता येत नसतील तर गुणांच्या नियमात दोन्ही रूपं बरोबर असं आधीच लिहून ठेवा.

शब्दांच्या जोड्या

पाया म्हणजे एकाच ध्वनीने वेगळे होणारे शब्द. मराठीत ते भरपूर सापडतात. खालच्या गटांतून सुरुवात करता येईल:

- अल्पप्राण-महाप्राण (हवा कमी किंवा जास्त सुटणारे): दार-धार, दूर-धूर, गाव-घाव, गार-घार, दान-धान, पाट-पाठ, गडी-घडी
- अघोष-घोष (स्वरतंतूंच्या कंपनाविना आणि कंपनासह): पोट-बोट, तार-दार, काल-गाल, पाप-बाप
- दात आणि टाळू: ताक-टाक, दात-दाट
- तोंड आणि नाक: बाप-माप, दात-नात
- घर्षक (हवा घासत निघणारे) आणि अर्धस्पर्श (आधी अडून मग घासत सुटणारे): साल-चाल
- र-ल: रात-लात, राख-लाख
- ह असणं-नसणं: हात-आत
- सुरुवातीचं व्यंजन गळणं: साठ-आठ, पाठ-आठ
- शेवटचं व्यंजन गळणं: तीन-ती, हात-हा
- स्वर: पोर-पूर, दोर-दूर, बोट-बेट, पाट-पोट

यातले काही सापळे. 'दिन-दीन', 'सुत-सूत' अशा जोड्या लिखाणात वेगळ्या दिसतात, पण बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक मराठीत जवळजवळ नसतो, म्हणून त्या कधीच घेऊ नका. च आणि ज यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत: 'चार', 'चेंडू' यांतला च वेगळा आणि 'चाक', 'चूल' यांतला वेगळा. 'चिंच'मध्ये तर दोन्ही एकाच शब्दात आहेत. लिपीत फरक दिसत नसल्यामुळे यादी करणारा दोन्ही एकाच खान्यात टाकतो आणि मग च-चे गुण कशाचे आहेत हे कुणालाच कळत नाही. नोंदीत 'दंत्य च' (चाक) आणि 'तालव्य च' (चार) असे दोन वेगळे रकाने ठेवा. फ-चंही तसंच: काही जण दोन्ही ओठ मिटून म्हणतात, काही दात ओठाला लावून. दोन्ही बरोबर.

दुसरा सापळा ओळखीचा. 'तवा-थवा' ही जोडी ध्वनीच्या दृष्टीने सुंदर आहे, पण तवा रोज हातात असतो आणि थवा पुस्तकातच भेटतो. आवाज अस्पष्ट असला की श्रोता ओळखीच्या शब्दाकडे झुकतो आणि तव्याला फुकटचे गुण मिळतात. जोडीतले दोन्ही शब्द साधारण सारखेच परिचित हवेत. शंका असेल तर दहा जणांना प्रत्येक शब्दाला एक ते पाच असा ओळखीचा आकडा द्यायला सांगा. दोन शब्दांच्या सरासरीत एकपेक्षा जास्त फरक आला तर जोडी बाद.

पर्यायांचा कागद

ठरावीक पर्यायांच्या चाचणीत एका शब्दाला चार पर्याय ठेवा. चुकीचे तिन्ही पर्याय खरेखुरे शब्द हवेत आणि प्रत्येक जण मूळ शब्दापासून एकाच ध्वनिगुणाने लांब हवा. उदाहरणार्थ रुग्ण म्हणतो 'दार', आणि श्रोत्याच्या कागदावर आहे: धार, तार, दार, गार. श्रोत्याने 'धार' निवडलं तर हवा जास्त सुटते आहे. 'तार' निवडलं तर स्वरतंतूंची कंपनं वेळेवर सुरू होत नाहीत. 'गार' निवडलं तर जिभेच्या टोकाऐवजी मागचा भाग वर उचलला जातो आहे. एका खुणेतून उपचाराची दिशा मिळते, म्हणून या कागदावर खर्च केलेला वेळ फुकट जात नाही. बरोबर उत्तराची जागा प्रत्येक ओळीत बदला. नाहीतर श्रोता विसाव्या ओळीनंतर न ऐकताच खुणा करू लागतो.

चार पर्याय असल्यावर नुसत्या अंदाजानेही पंचवीस टक्के गुण मिळतात हे ध्यानात असू द्या. म्हणजे पर्यायांच्या चाचणीतले तीस टक्के म्हणजे जवळपास काहीच न कळणं. हा आकडा लिहून घेण्याच्या चाचणीतल्या तीस टक्क्यांशेजारी कधीही ठेवू नये.

एका यादीत ५० शब्द ठेवा आणि वर दिलेल्या दहा फरकांना प्रत्येकी पाच शब्द द्या. पाच शब्दांवरून 'या फरकात अडचण दिसते' एवढंच म्हणता येतं, त्या फरकाची टक्केवारी काढू नका. शब्द एक-दोन अक्षरांचे असावेत. डिसआर्थ्रियाच्या, म्हणजे बोलण्याचे स्नायू नीट न चालणाऱ्या, रुग्णांसाठी 'दवाखाना', 'भाजीवाला', 'टेलिफोन' असे लांब दहा शब्द वेगळे जोडा. सुटे शब्द नीट म्हणणाऱ्याची अक्षरं लांब शब्दात गळतात आणि ते पहिल्या पन्नासांत दिसतच नाही.

वाक्यं: अंदाजाला वाव देऊ नका

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तोवर श्रोत्याला बहुतेक सगळं कळून चुकलेलं असतं. 'आईने चुलीवर भाकरी' एवढं ऐकलं की 'भाजली' न ऐकताही लिहिता येतं. असं वाक्य रुग्णाचे गुण फुगवतं. 'मामाने टोपली गच्चीवर नेली' हे वाक्य शक्य आहे, स्वाभाविक आहे, पण पुढचा शब्द आधीच्या शब्दावरून ओळखता येत नाही. आपल्याला अशी वाक्यं हवीत. 'कुत्र्याने खिडकीत छत्री धुतली' यासारखी अर्थहीन वाक्यं संशोधनात चालतात, पण आजारी आजोबा ती वाचताना थबकतात, हसतात, 'हे काय?' म्हणून विचारतात, आणि त्यात लय मोडते.

तपासणी सोपी आहे. प्रत्येक वाक्यातला एकेक शब्द गाळून ते वीस जणांना द्या आणि रिकामी जागा भरायला सांगा. सहा-सात जणांहून जास्तांनी नेमका तोच शब्द भरला तर ते वाक्य बदला.

लांबी शब्दांत मोजू नका, अक्षरांत मोजा. 'शाळेतल्यासारखंच' हा मराठीत एकच शब्द आहे. एका यादीत १० वाक्यं, प्रत्येकात चार ते सात शब्द आणि दहा ते अठरा अक्षरं. यादीभर मिळून गुण द्यायचे शब्द पन्नास होतील असं बसवा. दम कमी पडणाऱ्या रुग्णासाठी सहा वाक्यांची छोटी यादी वेगळी ठेवा, तिचे गुणही वेगळेच लिहा.

टाळूच्या रुग्णांसाठी एक पट्टी अशी लागते, ज्यात नाकातला ध्वनी अजिबात नाही: 'काकू कागद कापते', 'बाबा पिशवी उघडतात'. तिच्या जोडीला नाकातल्या ध्वनींनी भरलेलं 'आमची मनी मऊ आहे' ठेवा. पहिल्या गटातली वाक्यं लिहिताना 'तुम्ही', 'आणि', 'म्हणून', किंवा शब्दावरचा अनुस्वार नकळत घुसतो. लिहून झाल्यावर म, न, ण आणि टिंब शोधून काढण्याचं काम दुसऱ्या माणसाला द्या.

हवी तितकी वाक्यं देणारी चौकट

वारंवार मोजायचं असेल तर चौकटीची पद्धत उपयोगी आहे. पाच रकाने, प्रत्येकात दहा शब्द, आणि प्रत्येक रकान्यातून एकेक शब्द उचलून वाक्य बनवायचं. त्यातून एक लाख वेगवेगळी वाक्यं होतात. १९८२ साली स्वीडिश भाषेत श्रवणचाचणीसाठी ही पद्धत आली आणि नंतर अनेक भाषांत गेली. मराठीत ती बांधताना लिंग-वचनाची अडचण येते: विशेषण नामाप्रमाणे बदलतं, क्रियापदही बदलतं, आणि मग 'घेतली' ऐकून श्रोता वस्तू स्त्रीलिंगी होती हे ताडतो.

यावर उपाय भूतकाळातल्या '-ने' प्रयोगात आहे. कर्त्याला '-ने' लागला की क्रियापद वस्तूप्रमाणे चालतं. सगळ्या वस्तू पुल्लिंगी अनेकवचनी ठेवल्या की प्रश्नच मिटतो:

पहिला रकाना माणसांचा: रवीने, मीनाने, दीपाने, राजूने अशी दोन अक्षरी दहा नावं. दुसरा संख्यांचा: दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, वीस. तिसरा विशेषणांचा: लाल, जड, गोल, स्वस्त, मोठे, छोटे, जुने, नवे, पिवळे, चांगले. चौथा वस्तूंचा: डबे, दिवे, फुगे, कांदे, पंखे, झेंडे, चमचे, पेढे, खडे, आंबे. पाचवा क्रियांचा: घेतले, दिले, विकले, मोजले, ठेवले, शोधले, धुतले, मागितले, पुसले, टाकले.

'रवीने सात जुने पंखे मोजले', 'दीपाने वीस लाल फुगे विकले'. कुठलाही शब्द कुठेही बसतो आणि व्याकरण मोडत नाही. 'ने'चं 'नं' झालं तरी बरोबर. या पद्धतीचा तोटा असा की श्रोता पन्नास शब्द लवकर शिकतो. म्हणून मोजणीआधी त्याला दोन सराव-याद्या ऐकवून ते शिकणं उरकून घ्यायचं, आणि चौकटीचे गुण साध्या वाक्यांच्या गुणांशी ताडून पाहायचे नाहीत.

रुग्णाकडून बोलवून घेताना

वाचन, ऐकून म्हणणं आणि चित्र पाहून नाव सांगणं या तीन वाटांनी तोच शब्द वेगवेगळा निघतो. ऐकून म्हणताना समोर नमुना असतो, त्यामुळे उच्चार सुधारतो. रामटेक-सावनेरकडून येणाऱ्या अनेक ज्येष्ठांना वाचता येत नाही आणि त्यांच्याशी वाचनाचा आग्रह धरू नये. पण मग नमुना तुमच्या तोंडून नको. एकाच निरोगी, इथल्याच बोलीच्या माणसाचं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवा, आणि शब्द संपल्यावर दोन सेकंद थांबून मग रुग्णाला बोलू द्या. पहिल्या वेळी जी वाट घेतली तीच पुढच्या प्रत्येक वेळी घ्या.

वाचायला देताना एका पानावर एकच वाक्य, ठळक आणि मोठ्या अक्षरात, निदान ३२ पॉइंट. चष्मा आणला आहे का ते सुरुवातीलाच विचारा. रुग्णाने चुकीचं वाचलं तर पुन्हा वाचायला सांगा. नीट वाचलं पण अस्पष्ट आलं, तर मात्र पुन्हा सांगायचं नाही. ते अस्पष्ट येणंच आपल्याला मोजायचं आहे.

खर्ऱ्यामुळे तोंड दोन बोटंही उघडत नाही असे रुग्ण विदर्भात नेहमी येतात. रेकॉर्डिंगआधी तोंड किती उघडतं ते दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. तीन महिन्यांनी सुबोधता सुधारली तर ती तोंड उघडू लागल्यामुळे की जिभेच्या सरावामुळे, हे त्याशिवाय सांगता येत नाही.

रेकॉर्डिंग

खोली शांत हवी हे सगळे म्हणतात, पण नागपुरात एप्रिल-मेमध्ये खरा प्रश्न कूलरचा असतो. कूलरचा घरघराट कमी-जास्त सगळ्या वारंवारितांत पसरलेला असतो आणि स, थ, फ, ख यांसारख्या हवेच्या ध्वनींना तो नेमका गिळतो. पंखाही तेच करतो, थोडं कमी. उन्हाळ्यात रेकॉर्डिंग सकाळी आठच्या आत उरका, कूलर आणि पंखा दोन्ही बंद करा, आणि दर दहा मिनिटांनी थांबून रुग्णाला पाणी द्या. फरशी, काच आणि रिकाम्या भिंती आवाज घुमवतात, म्हणून जाड पडदे आणि सतरंज्या लावा.

डोक्याला लावायचा माइक तोंडाच्या कोपऱ्यापासून पाच ते आठ सेंटिमीटरवर, बाजूला ठेवा. समोर ठेवला तर प-फ-ची हवा आदळते. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, डब्ल्यूएव्ही फाइल. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट कधीही नको, तिथे ध्वनी दाबून बारीक तपशील फेकून दिले जातात. बोलण्याचा आवाज खोलीतल्या आवाजापेक्षा निदान ३० डेसिबल वर असावा.

आवाज समान करण्याबाबत सावध राहा. सगळ्या फाइली एका पातळीवर आणल्या की श्रोत्याला सोयीचं जातं, पण पार्किन्सनच्या रुग्णाची मूळ अडचणच आवाज लहान होणं ही असते आणि समान केल्यावर ती नाहीशी होते. मूळ आणि समान केलेली अशा दोन्ही प्रती ठेवा आणि गुण कोणत्या प्रतीवर काढले ते लिहा.

आवाजावरून माणूस ओळखू येतो. रेकॉर्डिंग कुणाला ऐकवलं जाईल, किती दिवस राहील, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगून लेखी संमती घ्या. फाइलीला नाव नको, क्रमांक द्या.

श्रोते

घरच्या माणसाला रुग्णाचं बोलणं सवयीने कळतं आणि स्पीच थेरपिस्टला अनुभवाने. दोघांचेही गुण परक्या माणसापेक्षा जास्त येतात. श्रोते परके हवेत, रोज मराठी बोलणारे आणि इथलेच. नागपूरचा श्रोता मराठी-हिंदी दोन्हींत वावरतो, त्यात काही बिघडत नाही. पण घरात फक्त हिंदी बोलणारा श्रोता महाप्राण नीट ओळखतो आणि ळ मात्र चुकवतो, त्याला वेगळं ठेवा. प्रत्येकाची श्रवणतपासणी ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झला २० डेसिबलवर करून घ्या.

कमीत कमी तीन, जमल्यास पाच श्रोते. प्रत्येक जण कुठलीही यादी एकदाच ऐकेल याची नोंद वहीत ठेवा. हेडफोनवर, सोयीच्या आवाजात, प्रत्येक वाक्य एकदाच. अंदाज लिहिला तरी चालेल असं स्पष्ट सांगा, नाहीतर भिडस्त श्रोते रिकाम्या जागा सोडतात आणि धीट श्रोत्यांच्या रुग्णांना विनाकारण जास्त गुण मिळतात. वाक्यांचा क्रम प्रत्येक श्रोत्यासाठी बदला आणि दहापैकी दोन वाक्यं तेवढी शेवटी पुन्हा ऐकवा. दोन्ही वेळा एकाच श्रोत्याची उत्तरं फार वेगळी आली तर त्याचा कागद बाजूला ठेवा.

गुण देणे

नियम आधी लिहा, कागद नंतर तपासा. शुद्धलेखनाची चूक चूक नाही. 'पानी', 'कोन', 'तरास' बरोबर. मूळ शब्द बरोबर आणि प्रत्यय चुकीचा असेल, म्हणजे 'गच्चीवर'च्या जागी 'गच्चीत', तर मूळ शब्दाचा गुण द्या आणि प्रत्ययाचा वेगळा रकाना ठेवा. शेवटची अक्षरं गिळणाऱ्या रुग्णात हा दुसरा रकाना पहिल्यापेक्षा खूप खाली जातो. त्यावरून उपचार बोलण्याच्या वेगाकडे वळवावा लागतो, असं या मोजणीतून दिसतं.

यादी वापरण्याआधीची परीक्षा

पाच पुरुष आणि पाच बायका, वेगवेगळ्या वयाचे, शहरातले आणि खेड्यातले, सगळे निरोगी. त्यांच्याकडून यादी बोलवून घ्या आणि श्रोत्यांना ऐकवा. शांततेत १०० पैकी ९५ पेक्षा कमी वेळा बरोबर कळलेला शब्द काढून टाका, कारण तो निरोगी माणसालाच अडवतो. मग दोन्ही याद्यांत कृत्रिम गोंगाट इतका मिसळा की निरोगी बोलणंही निम्मंच कळेल. या अवघड अवस्थेत याद्यांच्या सरासरीत पाच टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर शब्दांची अदलाबदल करून पुन्हा तपासा. शांततेत सगळ्या याद्या सारख्याच वाटतात, त्यांची खरी तोड गोंगाटातच कळते.

आकडा किती बोलतो

पन्नास शब्दांच्या यादीत एखाद्या रुग्णाला पन्नास टक्के मिळाले, तर केवळ योगायोगाने तो आकडा सुमारे चौदा टक्के खाली-वर होऊ शकतो. दोन तपासण्यांत खरा फरक पडला असं म्हणायला निदान वीस टक्क्यांचं अंतर लागतं. शंभर शब्द घेतले तर चौदा टक्के पुरतात, पंचवीसच घेतले तर अठ्ठावीस लागतात. टोकाच्या गुणांजवळ, म्हणजे नव्वद किंवा दहा टक्क्यांच्या आसपास, ही ढिलाई कमी होते. बेचाळीसवरून पन्नासवर आलेल्या रुग्णाच्या कागदावर 'सुधारणा' लिहायची घाई करू नका. अजून एक यादी घ्या आणि दोन्ही मिळून शंभर शब्दांवर पाहा.

अहवालात नुसती टक्केवारी लिहिली तर पुढच्या दवाखान्यात ती कुणाच्याच उपयोगाची नसते. एवढं तरी यावं: 'शब्दयादी ब, ऐकून म्हणणे, मूळ आवाज, पाच परके श्रोते, लिहून उत्तर, पन्नासपैकी सरासरी ३१, श्रोत्यांतला पल्ला २८ ते ३४, सर्वाधिक गोंधळ त-ट आणि द-ध, ळ वगळला, आजाराआधीही उच्चारत नव्हते, तोंड उघडणे २२ मिलिमीटर.' त्याखाली यादी अ कोणत्या तारखेला वापरली तेही लिहा, म्हणजे पुढचा थेरपिस्ट तीच पुन्हा उघडणार नाही.